पंखांखालची दुपार

सकाळी स्टुडिओचे शटर वर गेले की पहिले काम धुळीचे. मऊ ब्रशने भिंग साफ करायचे, ओल्या फडक्याने स्टूल आणि कोरड्या फडक्याने तो मोठा आरसा, ज्यात फोटोसाठी आलेला प्रत्येक जण एकदा स्वतःकडे बघून नाराज होतो. त्या दिवशीचे पहिले गिऱ्हाईक एक बसचालक होता. परवान्यासाठी फोटो हवा होता. डोळे खोल, भुवया दाट, आणि वरचा दिवा लावताच डोळ्यांखाली दोन काळे खड्डे. मी एक पांढरी चादर त्याच्या मांडीवर पसरली.

"ही कशाला? न्हाव्याकडे आल्यासारखं वाटतंय."

"वरून पडलेला उजेड ही थोडा परत वर पाठवते. खड्डे भरून निघतात."

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून मामंजी म्हणाले, "मिठावर तर सगळी जमीनच चादर असते."

बसचालकाला ते कळले नाही. मला कळले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ती गोष्ट ऐकत होते. तरुणपणी मामंजी मोजणी करणाऱ्या एका तुकडीबरोबर खाऱ्या तळ्यावर गेले होते. तळ्याच्या मधोमध, चहूकडे कोरडे पांढरे मीठ, डोक्यावर सूर्य, आणि समोर रोहित पक्ष्यांचा अफाट थवा. त्यांची चाहूल लागताच थवा उठला. उडत्या पक्ष्याची खालची बाजू भर दुपारी काळी दिसते. पण तिथे जमिनीवरचा उजेड उलटून वर गेला आणि हजारो पंख खालून पेटले. कॅमेऱ्यात फिल्म उरली नव्हती. पुढे शहरातले फोटोग्राफर भेटले की ते ही गोष्ट सांगत आणि लोक मान डोलावून हसत. दुपारचा उजेड कपडे वाळवायला, फोटो काढायला नव्हे, असे त्या फोटोग्राफरांचे म्हणणे.

आता मामंजींच्या नजरेच्या मध्यावर एक करडा डाग बसला होता. समोरचे काही दिसत नसे; मान वळवून कडेने बघावे लागे. कडाही फार दिवस टिकणार नाहीत, असे डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितले होते. मामंजींनी आमच्याकडे काहीच मागितले नव्हते. फक्त हल्ली ते प्रत्येक फोटो 'जरा मोठा काढ' म्हणत.

बसचालक गेला आणि दारात बाई उभ्या राहिल्या. कॉलेजात त्यांनी मला प्राणिशास्त्र शिकवले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा वेळ पाणपक्ष्यांच्या मागे जाई. चपला काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "या वर्षी तळं भरलं आणि वेळेवर आटलं. रोहित आलेत. परत कधी येतील, सांगता येत नाही. येतेस का?"

मी मामंजींकडे पाहिले. ते बाईंच्या आवाजाकडे मान तिरकी करून बसले होते, जणू पुढचा शब्द कडेने तरी दिसावा.

अशी आमची मोहीम ठरली. थवा भर दुपारी उठताना टिपायचा आणि मामंजींची नजर शाबूत आहे तोवर त्यांच्या हातात द्यायचा. दुकान नवऱ्याने सांभाळायचे. गाडी चालवायला आणि सामान ओढायला माझे धाकटे दीर, भाऊजी. ते पंपदुरुस्ती करतात आणि गप्प बसणे त्यांना जमत नाही.

*

तळ्याच्या काठाला पोचलो तेव्हा उजाडत होते. काठ म्हणजे काय, तर मातीचा तपकिरी रंग संपतो आणि पांढरा सुरू होतो ती रेषा. गाडी तिथेच ठेवली. पाण्याचे डबे, कॅमेरा, तिकाटणे, एक काठी, छोटा आरसा, स्टुडिओतली पांढरी चादर आणि बुटका पांढरा कापडी आडोसा असे सगळे एका फळकुटावर बांधले आणि दोरीने ओढत निघालो.

पहिल्या तासातच मी बोलायची थांबले. इतके पांढरे मी आयुष्यात पाहिले नव्हते. मिठाचे सहाकोनी तुकडे एकमेकांना चिकटून क्षितिजापर्यंत गेलेले, प्रत्येकाच्या कडेला बोटभर उंचीची नाजूक किनार, आणि पाऊल पडले की काच तडकल्यासारखा बारीक आवाज. सूर्य वर आला तसा त्या किनारींत आधी गुलाबी, मग पिवळा, मग कोणताच न म्हणता येणारा रंग भरला. झाड नाही, दगड नाही, सावली नाही. आमच्या तीन सावल्या तेवढ्या लांबलचक पसरून आमच्यापुढे चालत होत्या.

"वहिनी, मी कसा दिसतोय?" भाऊजींनी काळा चष्मा लावून नाकातोंडावर पांढरे फडके गुंडाळले होते.

"बँक लुटायला निघाल्यासारखे."

"इथे बँक कुठली? मीठच लुटायचं. बाई, घरी नेऊ का थोडं?"

"आधी तुमची पावलं माझ्या पावलांवर ठेवा," बाई मागे न बघता म्हणाल्या. "पांढरं स्वच्छ मीठ जाड असतं. करडं दिसलं की खाली चिखल आहे."

भाऊजींनी ऐकले, पण फळकूट कुठे ऐकते! एका करड्या पट्ट्यावरून ते तिरके गेले. कवच फुटले. एक कोपरा खाली बसला आणि सामान कलंडले. आम्ही तिघांनी दोरी धरून नेटाने ओढली तेव्हा कुठे ते वर आले. कॅमेरा वाचला, पण पाण्याच्या मोठ्या डब्याला मिठाच्या धारदार कडेने चीर पाडली होती. उचलेपर्यंत निम्म्याहून अधिक पाणी मिठात जिरून गेले. त्या जागी फक्त एक ओला डाग उरला आणि बघता बघता तोही पांढरा झाला.

बाईंनी उरलेले पाणी तीन बाटल्यांत सारखे भरले आणि पुढे चालू लागल्या.

मग ते दिसले.

आधी क्षितिजावर नुसती गुलाबी रेघ होती. मग तिला जाडी आली. मग ती थरथरू लागली आणि तिच्यातून माना निघाल्या, चोची निघाल्या. हजारो रोहित! गरम हवेच्या लाटांत ते कधी ताडाएवढे उंच होत, कधी मधोमध तुटून अर्धे हवेत तरंगत. त्यांच्या पायांशी निळसर पाणी चमकत होते आणि आवाज येत होता, दूरच्या बाजारासारखा, अखंड, घोगरा. मामंजींनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, पण हा आवाज त्यांनी कधी सांगितला नव्हता. कदाचित तो सांगता येण्यासारखा नव्हता.

"पाण्यात आहेत," बाईंनी दुर्बीण खाली केली. "म्हणजे अजून चरतायत. घरटी बांधायला वेळ आहे. एकदा उठवले तर वाईट नाही, फेरी मारून परत बसतील. पण एकदाच."

बेत सोपा होता. आडोशात मी आणि बाई. भाऊजींनी चादर घेऊन मोठा वळसा घालत थव्याच्या पलीकडे जायचे, मिठात एक काठी रोवायची आणि आडवे पडून वाट बघायची. सूर्य डोक्यावर आला की मी आरशाने तिरीप पाडायची; तिरीप दिसताच त्यांनी उठून चादर झटकायची. हवेच्या थरथरीत तिरीप नाहीच दिसली, तर काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा झाल्यावर त्यांनी आपणहून उठायचे.

"म्हणजे काहीही झालं तरी चादर झटकायची," भाऊजी म्हणाले. "बायकोने दिलेली कामं यापेक्षा अवघड असतात."

ते गेले. हळूहळू लहान होत होत हवेत विरघळले.

*

आडोशात दोघींना पालथे पडण्यापुरती जागा होती. उष्णता वरून येत होती आणि तेवढीच खालून. चष्म्याच्या कडांतून शिरणारा उजेडसुद्धा डोळ्यांत टोचत होता. मी कॅमेरा लावला आणि हाताचा पंजा मिठावर आडवा धरून पाहिला. तळव्यावर सावली नव्हती. पंजाची खालची बाजू वरच्या बाजूइतकीच उजळली होती! मामंजी खरे बोलत होते. इतकी वर्षे लोक हसले आणि ते खरे बोलत होते.

सावल्या आखडत आल्या. मी आरसा हातात घेतला.

तेवढ्यात वारा सुटला. फार नाही, एखादे पान हलावे इतकाच. पण त्याने जमिनीलगतची तापलेली हवा पुसून टाकली. थरथर थांबली. माझ्या भिंगात चित्र स्थिर झाले आणि पक्ष्यांच्या पायांशी असलेले पाणी नाहीसे झाले.

तिथे पाणी नव्हतेच. चिखलाची गुडघ्याएवढी बुटकी शंकूसारखी घरटी होती. शेकडो, हजारो, एकमेकांना लागून. आणि प्रत्येक घरट्यापाशी एक पक्षी पंख अर्धे उघडून, मान खाली घालून उभा होता. एकाच बाजूला तोंड करून. सगळेच्या सगळे!

"हे काय करतायत?" मी कुजबुजले.

बाईंनी माझ्या हातून कॅमेरा जवळजवळ ओढून घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा आवाज आला तेव्हा तो वर्गात चुकलेल्या विद्यार्थिनीसारखा होता.

"सावली धरतायत. खाली पिल्लं आहेत. माझं चुकलं. मृगजळाला पाणी समजले." त्यांनी कॅमेरा मला परत दिला. "आता उठले ना, तर पिल्लं उघडी पडतील. या मिठावर, या उन्हात. थवा फेरी मारून परत येईपर्यंत काही उरणार नाही."

"इथे ते चरायला येतच नाहीत?"

"कोरड्या मिठावर चरणार काय? तळ्याच्या मधोमध जमतात ते घरट्यांसाठीच. मला हे कळायला हवं होतं."

मी आरसा पालथा ठेवला. पण त्याने काय होणार होते? तिरीप पाडायची म्हणजे उठा. तिरीप न पाडायची म्हणजे थोड्या वेळाने उठा. थांबायची खूण आम्ही ठरवलीच नव्हती! फोनला सकाळपासून रेंज नव्हती. हाक मारली तर थवा उठणार. उभी राहिले तरी थवा उठणार.

कॅमेरा मात्र तयार होता. उजेड मोजलेला, चौकट धरलेली. मला आरशाला हातही लावावा लागणार नव्हता. मी काहीच न करता पडून राहिले असते, तरी थोड्याच वेळात पलीकडे एक पांढरी चादर फडकली असती, पंख पेटले असते, आणि बटण दाबण्याएवढेच काम उरले असते. मामंजींच्या तिरक्या मानेपुढे मी तो फोटो धरला असता. हे सगळे मला एका क्षणात दिसले आणि तो क्षण मला हवा होता त्यापेक्षा लांबला.

बाई कोपरांवर रेलून सरपटायच्या तयारीला लागल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांवर गेल्या वर्षीच शस्त्रक्रिया झाली होती.

"तुम्ही राहू द्या, बाई," मी म्हटले. "मी जाते."

*

थव्याच्या डाव्या अंगाने मिठाचे पापुद्रे उभे राहून एक ठेंगणा बांध झाला होता. त्याच्या आडून सरपटत गेले तर भाऊजींपर्यंतचे अंतर बरेच कमी होत होते. मी पोट मिठाला टेकवले आणि निघाले.

कोपर, गुडघा. कोपर, गुडघा. बाह्या फाटल्या. खरचटलेल्या कोपरांत मीठ गेले आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या. चष्मा घामाने आंधळा झाला म्हणून काढला, तर पांढऱ्या उजेडाने डोळ्यांत सुई मारली म्हणून पुन्हा लावला. बांधापलीकडे तो आवाज होता, हजारो घशांचा, आता इतका जवळ की बरगड्यांत घुमत होता.

मग मीठ करडे झाले. मला ते दिसले. वळायला जागा नव्हती. डावीकडे गेले असते तर बराच वेळ गेला असता, उजवीकडे घरटी. मी अंग पसरून पुढे सरकले. कवच कुरकुरले. आणि फुटले!

कमरेपर्यंत मी आत गेले. वरचा चिखल गरम, खालचा थंड आणि जड. बांधाचा एक पापुद्रा ढासळला.

आवाज थांबला.

इतका मोठा आवाज एकदम थांबतो तेव्हा काय होते, ते मला तोवर ठाऊक नव्हते. हजारो माना वर गेल्या. हजारो डोळे, पिवळे, गोल, माझ्याकडे. सगळ्यांत जवळचा पक्षी दोन हातांच्या पलीकडे नव्हता. पंखांची लाल बाजू माझ्याकडे, कडेची काळी पिसे ताठ, आणि एक पाय उचललेला. त्याच्या खाली, पंखाने धरलेल्या त्या ताटलीएवढ्या सावलीत, करड्या लोकरीचा एक गोळा होता. सावली होती, तरी मला पिसांचा प्रत्येक तंतू दिसत होता. मिठाने उजेड उलटा पाठवून ती सावलीसुद्धा आतून उजळली होती. गोळ्याने डोळा उघडला, माझ्याकडे पाहिले आणि सावलीच्या आणखी आत सरकला.

मी श्वास सोडला नाही. पापणी हलवली नाही. चिखल मला हळूहळू खाली घेत होता.

त्या पक्ष्याने उचललेला पाय खाली ठेवला. मान खाली घातली. पंख होता तसा पुन्हा पसरला. एका कडेने घोगरा सूर सुरू झाला आणि लाटेसारखा थवाभर पसरत गेला.

आणि बांधाच्या टोकाला, थरथरत्या हवेत, भाऊजी उभे राहिले.

ते काठीकडे बघत होते. मग त्यांनी चादरीची दोन टोके हातांत धरली. मला ओरडता येत नव्हते. मी चिखलातून एक हात उपसला, सरळ वर केला आणि पंजा जमिनीकडे दाबला. पुन्हा. पुन्हा. चादर खांद्यापर्यंत आली होती.

ती तिथेच थांबली.

भाऊजी बराच वेळ तसेच उभे होते, वाळत घातलेल्या कपड्यासारखे. मग एकेक गुडघा मोडत खाली बसले आणि दिसेनासे झाले.

ते सरपटत आले तेव्हा मी छातीपर्यंत बुडाले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता काम केले. चादरीला पीळ देऊन एक टोक माझ्या काखेखालून घेतले, स्वतः आडवे पडून टाचा मिठाच्या कडेत रोवल्या आणि इंचाइंचाने मला ओढून काढले. माझा एक बूट तळ्याला मिळाला.

मग आम्ही बांधाच्या आडोशाला चादर अंगावर घेऊन पडून राहिलो. एका बाटलीत दोघांचे पाणी.

"मिठातून हात उगवलेला दिसला," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं ऊन लागलं. मघाशी मला आपल्या बाई दोन दोन दिसल्या होत्या."

"मग थांबलात कशाला?"

"हाताला तुमची बांगडी होती. मृगजळ इतकं बारीक काम करत नाही, वहिनी."

मी त्यांना पिल्लांचे सांगितले. त्यांनी चादरीची कड बोटभर उचलून पाहिले आणि नंतर किती तरी वेळ ते पाहतच राहिले. सूर्य सरकेल तसे पक्षी सरकत होते. पाऊल पाऊल, घरट्याभोवती, सगळे मिळून, जणू एकाच मोठ्या घड्याळाचे काटे. पिल्लू जिथे, सावली तिथे. त्यांतला एकही पक्षी पाणी प्यायला गेला नाही.

ऊन कलायला लागल्यावर आम्ही वळसा घालून, सुरक्षित मिठावरून, आडोशाकडे परतलो. बाईंनी आपली बाटली उघडलीसुद्धा नव्हती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि चष्मा पुसायचे निमित्त करून तोंड फिरवले. मी सर्वांत लांबचे भिंग लावले, कॅमेऱ्याचा आवाज दबावा म्हणून त्याला ओढणी गुंडाळली आणि कडेच्या एका पक्ष्याचा फोटो काढला. मग भिंगावर झाकण बसवले. थवा मागे टाकून आम्ही निघालो तेव्हाही तो जागेवरच होता.

*

फोटो मी टेबलाएवढा मोठा काढला. मामंजींच्या समोर टेबलावर पसरला. त्यांनी मान वळवून तो कडेने, तुकड्या तुकड्याने पाहिला; आधी पंख, मग मान, मग मीठ.

"उडत नाहीये."

"नाही."

"हे खाली करडं काय?"

"पिल्लू. त्याला सावली धरलीय."

त्यांनी चेहरा अगदी कागदाजवळ नेला. "सावलीत आहे आणि डोळा दिसतोय," ते म्हणाले. "बघ. मी म्हणत नव्हतो? खालून भरतं." ते हसले. इतक्या वर्षांनी कोणीतरी आपला हिशेब मान्य करावा तसे हसले. त्यांचे बोट फोटोवर फिरत होते. फिरता फिरता ते पिल्लावर थांबले.

"तू उठवले नाहीस ते यासाठी."

"हो."

बोट हलले नाही.

"मी गेलो होतो तेव्हाही दुपारच होती," मामंजी म्हणाले.

त्यांच्या गोष्टीतले मीठ नेहमी कोरडेच असे; हा प्रश्न येणार, हे मला तळ्यावरून परतताना गाडीतच कळले होते. काय सांगायचे, तेही तेव्हाच ठरले होते. मी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले.

"तेव्हा तळ्यात पाणी होतं, मामंजी. घोट्याएवढं. पक्षी चरत होते. तुम्ही बूट हातात घेऊन चालला होतात."

"मी असं सांगितलं होतं?"

"लग्नानंतर पहिल्यांदा गोष्ट सांगितलीत, तेव्हा."

ते विचारात पडले. मान तिरकी करून, माझ्या चेहऱ्याच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. मी बघू दिले.

"असेल," ते अखेर म्हणाले. बोट पिल्लावरून उचलून त्यांनी हात मांडीवर घेतला. "बूट हातात होते खरे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि पाणी कोमट होतं."

"हो," मी म्हटले, आणि शटर वर करायला उठले.